मूल कुणाच्या आवाजाला थांबतं

आमच्या सोसायटीत त्या महिन्यात तीन जोडपी एकमेकांशी बोलेनाशी झाली आणि तिन्ही घरांत कारण एकच होतं : दशांशचिन्हापुढचे दोन आकडे. चौथं घर आमचं. पण आमच्याकडे भांडण झालं नाही, कारण मी तो आकडा नवऱ्याला दाखवलाच नाही.

सुरुवात झाली शाळेच्या बसपासून. सांगलीत विश्रामबागच्या पलीकडे नवा वळणरस्ता झाला तेव्हापासून आमच्या फाटकासमोरून गाड्या सुसाट जातात. दुपारी शाळेची बस थांबते रस्त्याच्या त्या अंगाला आणि फाटक या अंगाला. मुलांनी उतरायचं, बसच्या पुढून वळसा घालायचा आणि रस्ता ओलांडायचा. गेल्या वर्षी शेजारच्या कॉलनीतल्या एका मुलाचा पाय असाच गेला. त्यानंतर शाळेने बसना ‘राखण’ बसवली.

बस थांबवणं आता कुणालाच अवघड राहिलं नव्हतं. चाकाजवळ मूल असलं की बस जागची हलत नाही, हे यंत्र येऊन जुनं झालं. अडचण दुसऱ्यांच्या गाड्यांची. उभ्या बसला ओलांडून मागून जो टेम्पो येतो, त्याला शाळेचं यंत्र काय करणार? थांबवता येतं ते फक्त मूल. हॉर्न वाजवला तर घाबरलेलं मूल भलतीकडेच पळतं. म्हणून राखण मुलाशी बोलते. बसच्या चारही कोपऱ्यांवर रडार आहेत. पंधरा मीटरच्या आतलं प्रत्येक मूल त्यांना चालीवरून ओळखू येतं. माझी रेऊ डावा पाय किंचित आत टाकते हे मला सात वर्षांत कळलं नव्हतं, राखणला आठवड्यात कळलं.

बोलण्याची रीतही न्यारी. माणसाला ऐकू न येणाऱ्या दोन ध्वनिलहरी एकाच रेषेत सोडायच्या. हवेत त्या एकमेकींत मिसळतात, त्यांच्या फरकातून ऐकू येणारा आवाज तयार होतो आणि तो त्या बारीक रेषेतच ऐकू येतो. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला पत्ता नसतो. बसच्या पुढच्या काचेवर निळा दिवा लागला की समजायचं, बस कुणाच्या तरी कानात बोलते आहे.

आता प्रश्न उरला, कुणाच्या आवाजात? संशोधन असं सांगत होतं की ओळखीचा आवाज कानात शिरला की शब्दाचा अर्थ लागण्याआधीच पाय थबकतात. पण प्रत्येक मुलाचा तो आवाज वेगळा. मग मोजायचं. चार शनिवार शाळेच्या मैदानावर मुलांना पकडापकडी खेळायला लावली आणि राखणने मधूनच प्रत्येकाच्या कानात हाका मारल्या. प्रत्येक घरातून तीन आवाज रेकॉर्ड करून घेतले होते, शिवाय बसमधल्या मावशीचा आवाज बसच्या माइकवरून आधीच गोळा झालेला. हाक कानावर पडल्यापासून दोन्ही पाय स्थिर होईपर्यंतचा वेळ म्हणजे ‘थांबकाळ’. ज्याचा थांबकाळ सगळ्यांत कमी, त्याचा आवाज त्या मुलासाठी वापरायचा. इतकं साधं होतं ते.

पण आकडे शाळेत नोंदवलेल्या पालकाच्या फोनवर आले आणि साधेपणा संपला. बी विंगमधल्या निंबाळकरबाईंनी ०.२८ ग्रुपवर टाकला आणि वर पेढे वाटले. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मुलगा आजीच्या आवाजाला पटकन थांबत होता. आजीने तो तक्ता लॅमिनेट करून देवघराशेजारी लावला. एका नवऱ्याला तर बायकोने सरळ विचारलं, “नऊ महिने मी वाहिला आणि थांबतो तुझ्यासाठी?” कुणी कुणावर किती प्रेम करतं हे आजवर नातेवाईक आपापसांत ठरवत होते, आता यंत्राने ठरवून दिलं.

माझा आकडा मी स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून बघितला. रेवती मगदूम, इयत्ता दुसरी. वडील ०.५८. आजी ०.६२. आई ०.९४.

आणि सगळ्यांत वर : बेबीताई कोळी, बस मदतनीस, ०.३१.

माझं दुःख कळायचं तर माझा धंदा कळायला हवा. आवाज हाच माझा धंदा. तुम्ही बँकेला फोन लावता, गॅसवाल्याला लावता, तेव्हा जी बाई गोड आवाजात म्हणते, “कृपया थांबा. आपण रांगेत आहात,” ती मी. मयुरी मगदूम. निम्म्या महाराष्ट्राला मी थांबवून ठेवलंय. आणि पोटची पोर माझ्या आवाजाला सेकंदभर ढिम्म थांबत नाही. थांबते कुणासाठी, तर सांगलवाडीहून येणाऱ्या, पन्नाशीच्या, फाटक्या आवाजाच्या बाईसाठी. माय मरो, मावशी जगो, ही म्हण ज्याने केली त्याच्याही घरी शाळेची बस येत असणार.

बेबीमावशीला मी तोवर नीट बघितलंही नव्हतं. आता बघायला लागले. साडीवर खाकी एप्रन, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात गाड्या अडवायची लाल पाटी. सकाळी मी घाईघाईत घातलेल्या रेऊच्या वेण्या दुपारी घट्ट आणि सारख्या होऊन परत यायच्या. अबोलीला वास नसतो, हे ठाऊक असूनही मी तो रेऊच्या केसांत हुंगून बघायची. रेऊ आता “लई भारी” म्हणायची, “व्हय की” म्हणायची. मी तिचं मराठी सुधारायला लागले की ती गप्प बसायची आणि माझा अजूनच तिळपापड व्हायचा.

फोनवर प्रत्येक आवाजाचा नमुना ऐकायची सोय होती. आमच्या तिघांचे नमुने एकसारखे : “रेऊ, थांब!” बेबीमावशीचा नमुना बसमधून उचललेला, तिच्याच शब्दांत : “रेवतीबाई, हाय तितं!” मी तो अकरा वेळा ऐकला. शेवटच्या ‘तितं’वर तिचा आवाज चक्क फाटत होता. या फाटण्यात माझ्या मुलीला काय सापडलं, हे मला कळेना.

खाली लिहिलं होतं : राखणची शिफारस, बेबीताई कोळी. अंतिम निर्णय पालकांचा.

मी अडाणी नाही. मी गणित केलं. रेऊ धावते सेकंदाला तीन मीटर. ०.९४ सेकंदात ती दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर पुढे जाते. बसची रुंदी अडीच मीटर. म्हणजे बसच्या दाराशी माझी हाक कानावर पडली तर ती बसच्या पलीकडच्या कडेच्या बाहेर जाऊन थांबणार. हे सगळं मी वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे लिहून काढलं, कागद फाडून टाकला आणि ‘आई’ या शब्दासमोरचं बटण दाबलं. मावशी मुलांना हात धरून ओलांडून देतेच की, यंत्र बोललं काय आणि न बोललं काय, अशी मी मनाची समजूत घातली.

त्या रात्री जेवताना मी बेबीमावशीची नक्कल केली. नक्कल करणं मला जड नाही, त्याचेच मला पैसे मिळतात. पदर खोचला, पोळीचं लाटणं पाटीसारखं धरलं आणि आवाज फाडून म्हटलं, “रेवतीबाई, हाय तितं!” माझ्या नवऱ्याला, सुदर्शनला, हसून हसून ठसका लागला. रेऊचा घास मात्र हातातच राहिला. तोंडाकडे चाललेला हातही हवेत थांबला होता, पण मी ते तेव्हा बघून सोडून दिलं.

“मावशी म्हणते तेव्हा हसू नाही येत,” ती म्हणाली.

“मग काय येतं?”

तिने खांदे उडवले. “काही नाही. मी थांबते.”

मी आवाजाचा नवा नमुना द्यायचं ठरवलं. घरातली एक लहान खोली आम्ही गोधड्या लावून रेकॉर्डिंगसाठी केली आहे, दाराबाहेर लाल दिवा आहे. तिथे बसून मी सतरा वेळा “रेऊ, थांब!” म्हटलं. लाडाने, दरडावून, घाबरून, कुजबुजून. बाराव्या वेळी रेऊ खरंच दारात आली. हातात चित्राचा कागद होता.

“आई, बघ ना.”

“थांब हं रेऊ, एवढं झालं की.”

तिने मान हलवली आणि गेली. मी बाहेर आले तेव्हा पाऊण तास झाला होता आणि ती झोपली होती. चित्र बघायचं राहून गेलं.

सतरांतला सगळ्यांत चांगला नमुना कंपनीला पाठवला. शनिवारी मैदानावर पुन्हा चाचणी झाली, नवा आकडा आला ०.९१. मी राखण बसवणाऱ्या कंपनीच्या किल्लेदार मॅडमना फोन लावला. तिथे रांगेत मलाच माझा आवाज ऐकावा लागला.

“तुमच्या आवाजात काही दोष नाही हो,” किल्लेदार मॅडम म्हणाल्या. “इतका स्वच्छ नमुना आमच्याकडे दुसरा नाही. काही मुलांच्या बाबतीत होतं असं. तुम्ही शिफारस का घेत नाही?”

“विचार करते,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी रेऊची पाण्याची बाटली बसमध्ये राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बस आली तेव्हा मी ती आणायला वर चढले. मावशीच्या आसनाच्या वर, काचेला चिकटपट्टीने एक चित्र लावलं होतं. पिवळी बस, खाली लाल पाटी घेतलेली बाई, तिच्या हाताला धरलेली दोन वेण्यांची मुलगी. आणि एका कोपऱ्यात, खिडकीच्या चौकोनात, कानांवर हेडफोन घातलेली एक बाई. ती मी. माझ्या खिडकीवर लाल दिवासुद्धा काढला होता.

“झ्याक काढलंय न्हवं?” बेबीमावशी कौतुकाने म्हणाली. “तुमास्नी दावलं असंलच.”

“हो, दाखवलं ना,” मी खोटं बोलले. घरी गेले आणि शाळेच्या वाहतूक समितीला पत्र लिहिलं. मदतनीस मुलांशी नको इतकी सलगी करतात, केसांना हात लावतात, मुलांच्या भाषेवर परिणाम होतो. खाली ठसठशीत सही केली. मत्सराला अक्षर चांगलं असतं.

सोमवारी बेबीमावशीची कुपवाडच्या बसवर बदली झाली. आमच्या बसवर एक नवी तरुण मुलगी आली.

“मावशी कुठाय?” रेऊने विचारलं.

“दुसऱ्या बसवर. तिथल्या मुलांना पण मावशी हवी ना?”

रेऊ रडली नाही. रडली असती तर मला समजूत काढता आली असती. चार दिवस तिने फक्त विचारलं तेवढ्याचीच उत्तरं दिली. शुक्रवारी मी ठरवलं, आज रेकॉर्डिंग नाही. आज आपण खाली जायचं. तिला आवडतो तसा लसूण जास्त घातलेल्या भडंगाचा पुडा घेतला आणि दुपारी दीडला फाटकाशी जाऊन उभी राहिले. दुसरीच्या वर्गात गेल्यापासून मी पहिल्यांदाच तिला घ्यायला गेले होते. आता मैदान मोकळं आहे, असंच माझ्या मनात होतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

बस आली, पलीकडे थांबली. नवी मदतनीस एका छोट्याचं दप्तर दारात अडकलं होतं ते सोडवत होती. तिच्या काखेखालून रेऊ उतरली. बसच्या नाकाशी आली आणि तिला मी दिसले.

तिचा चेहरा असा उजळला की मी पुडा उंच धरून हलवला. आणि ती धावली. मी आले म्हणून ती धावली.

टेम्पो मला दिसत होता, तिला दिसत नव्हता. विटा भरलेला, बसच्या मागून बाहेर निघालेला, थांबायचा विचारही नसलेला. बसच्या काचेवरचा निळा दिवा लागला. म्हणजे तिच्या कानात मी बोलत होते. रस्त्याच्या या बाजूने मीही ओरडले, “रेऊ, थांब!”

दोन-दोन आया एकदम थांब म्हणत होत्या. रेऊने माझ्याकडे बघून मान हलवली, रेकॉर्डिंगच्या खोलीच्या दारात हलवली होती तशीच. आणि धावतच राहिली.

पुढचं मी विचार करून केलं नाही. माझ्या गळ्यातून फाटलेला, घोगरा, सांगलवाडीचा आवाज बाहेर पडला.

“रेवतीबाई! हाय तितं!”

ती थांबली. एक पाय पुढे, हात हवेत, बसच्या कडेच्या आत वीतभर. टेम्पो गेला. त्याच्या वाऱ्याने तिच्या वेणीची रिबीन उडाली आणि पुन्हा खाली आली. माझ्या हातातला भडंग सगळा रस्त्यावर सांडला होता.

मी रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही. तिला उराशी धरलं तेव्हा ती माझ्या खांद्यावरून इकडेतिकडे बघत होती.

“मावशी आली?” तिने विचारलं.

वर येऊन पाणी प्यायले तेव्हा फोनवर राखणची नोंद आली होती. धोका टळला. यंत्राची हाक, आईचा आवाज : प्रतिसाद नाही. नंतर बाहेरून आलेली हाक : थांबकाळ ०.३३. आवाज : बेबीताई कोळी.

मी पुन्हा वाचलं. माझ्या मुलीला मी वाचवलं होतं आणि श्रेय त्या बाईच्या नावावर जमा झालं होतं. खरं सांगते, मुलगी मांडीवर सुखरूप होती, आणि तरीही आत कुठेतरी चर्रर झालं.

संध्याकाळी सुदर्शनला सगळं सांगितलं. आकडा, बटण, फाडलेला कागद, पत्र. तो एवढंच म्हणाला, “मयू, उद्या सकाळी आधी तिच्याकडे जा.”

शनिवारी सकाळची शाळा होती. कुपवाडच्या बस जिथून सुटतात तिथे मी गेले. बेबीमावशी पायरी पुसत होती.

“तक्रार मी केली होती,” मी म्हटलं.

“ठावं हाय. कागदावर सई हुती की.” तिने फडकं पिळलं. “लई राग आला. दोन दिस घास उतरला न्हाई.”

मी शुक्रवारचं सांगितलं. काही लपवलं नाही. ऐकता ऐकता ती त्या ओल्या पायरीवरच बसली.

“लागलं न्हाई न्हवं कुटं?”

“नाही. तुमच्या शब्दाला थांबली. मावशी, ती तुमच्या आवाजाला का थांबते? माझ्या का नाही?”

“माज्या आवाजाला कशाला थांबंल? माजा आवाज आयकून कुत्रं भुकतंय.” ती क्षणभर हसली. मग पदराने हात पुसत म्हणाली, “ताई, मी पोरास्नी थांब म्हनतच न्हाई. थांब म्हटलं की पोरं थांबत न्हाईत, वाट बगत्यात. आन् वाट बगून कट्टाळली की आपल्या वाटंनं जात्यात. मी धुन्याभांड्याला जायाची तवा माज्या पोरीला सांगायची, थांब गं, आले. रोज थांब, रोज थांब. एक दिस ती म्हनली, आई, थांब म्हंजी न्हाईच न्हवं? तवापास्नं त्यो शबुद मी टाकला. हाय तितं म्हटलं की हाय तितं. मग मी सोता जाती तिच्यापातुर. तिला यायाला सांगत न्हाई.”

किल्लेदार मॅडमच्या यंत्राने आवाज मोजला होता, शब्द मोजला नव्हता. सुदर्शनचं आणि आजीचं ‘थांब’ अजून थोडंफार खरं होतं, म्हणून ते मधल्या आकड्यांवर होते. माझं ‘थांब’ मी स्वतःच झिजवून टाकलं होतं. घरीही तेच, बँकेतही तेच : आपण रांगेत आहात.

मी समितीला दुसरं पत्र लिहिलं. पहिलं खोटं होतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आणि तशीच ठसठशीत सही केली. फोनवरचं बटण बदललं. बेबीमावशी पुढच्या बुधवारी आमच्या बसवर परत आली आणि रेऊच्या वेण्या पुन्हा सारख्या व्हायला लागल्या. शुक्रवारची ती नोंद मात्र मी दुरुस्त करून घेतली नाही. राखणच्या लेखी माझ्या मुलीला बेबीताई कोळींनीच वाचवलं आहे. जळते का? जळते. वेणी बघितली की अजून जळते.

घरात ‘थांब’ हा शब्द बंद केला आहे. रेऊ दारात आली की मी एक तर “ये” म्हणते, नाही तर “आत्ता नाही, पाच वाजता” म्हणते, आणि पाचला स्वतः उठून तिच्याकडे जाते. फार अवघड आहे. दिवसातून दहा वेळा तो शब्द ओठांवर येतो.

परवा मी गोधड्यांच्या खोलीत बसले होते. लाल दिवा चालू, एका विमा कंपनीचं काम. “कृपया थांबा” म्हणून झालं होतं, पुढचा कागद घ्यायला हात पुढे केला होता. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

“आई, हाय तितं!”

मी होते तशी थांबले. हात हवेत, तोंड उघडं. रेऊ धावत बाहेर गेली आणि कागद घेऊन आली. चित्रात पिवळी बस होती, लाल पाटीवाली बाई होती, आणि कोपऱ्यातली खिडकी या वेळी रिकामी होती. हेडफोनवाली बाई खाली फाटकाशी उभी होती.

मी किती वेळात थांबले कोण जाणे. मोजायला तिथे कुणी नव्हतं.